मामाची निळी बिल्डिंग

तुमचं ऑफिस काचेचं आहे ना? असणारच. हिंजवडी, मगरपट्टा, खराडी, बाणेर... कुठंही जा, आपण सगळे दिवसाचे आठ-दहा तास काचेच्या डब्यातच बसलेले असतो. आणि एखाद्या सोमवारी मेल येतो : ‘चौथ्या मजल्यावर काचेचं काम सुरू असल्याने कृपया पूर्वेकडच्या गेटचा वापर टाळावा.’ आपण कुरकुरत दुसऱ्या गेटने आत जातो आणि बुधवारपर्यंत तिथे नवी कोरी काच बसलेली असते. जुनी का फुटली, ती दुरुस्त होण्यासारखी होती का, बदलायचं कोणी ठरवलं, पैसे कोणी भरले... पडलंय कोणाला? फॅसिलिटीवाले बघून घेतात, बॉस!

नारायणगावात फॅसिलिटीवाले नाहीत. तिथे माझा मामा आहे.

मामाने २०११ मध्ये गावातून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावर दोन मजली कमर्शिअल बिल्डिंग बांधली. द्राक्षांचे चार चांगले सीझन, पतसंस्थेचं थोडं कर्ज आणि मामीच्या दोन पाटल्या, असं ते भांडवल. खाली शेतीच्या औषधांचं दुकान, पहिल्या मजल्यावर डेंटिस्ट, दुसऱ्यावर दहावी-बारावीचे क्लास. आणि समोरून, रस्त्याच्या बाजूने, चार बाय पाच फुटांच्या ३२ निळ्याशार रिफ्लेक्टिव्ह काचा. त्या काळात त्या पट्ट्यात अशा बिल्डिंगा मोजक्याच होत्या. एसटीचे कंडक्टरसुद्धा ‘निळ्या बिल्डिंगपाशी उतरणारे पुढे या’ म्हणायचे. मामाच्या आयुष्यात याहून मोठा पुरस्कार नाही, असं मामी म्हणते.

२०२४ च्या मे महिन्यात मामाचा फोन आला.

‘‘अगं, काचेला तडा गेलाय.’’

‘‘मग बदलून टाक ना मामा.’’

‘‘तसं नसतंय पोरी. एक म्हणतो बदला, एक म्हणतो जोडून देतो, एक म्हणतो सगळ्याच काढा. तू ते मास कॉम का काय केलंयस ना? मग जरा पुण्यात चौकशी करून सांग.’’

मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत मला डॉक्युमेंटरी थिअरी शिकवली, मीडिया लॉ शिकवला. काच कोणी शिकवली नाही. पण फ्रीलान्सर माणसाला ‘चौकशी’ हा शब्द ऐकला की हात शिवशिवतात. शनिवारी शिवाजीनगरहून एसटी पकडली.

तडा दुसऱ्या मजल्यावर होता, अगदी कोपऱ्यातल्या वरच्या काचेला. फ्रेमच्या कडेपासून निघून आधी थोडा सरळ, मग नागमोडी, पार दुसऱ्या टोकापर्यंत. काच मात्र जागेवर होती. क्लासच्या सरांनी आतून तिच्यावर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी मारली होती. कधी? ‘‘झाले की महिना-दीड महिना.’’ आपल्याकडे तात्पुरत्या उपायाइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं!

आणि त्या काचेच्या बरोब्बर खाली, दुकानाच्या पायरीला टेकून, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आजी बसल्या होत्या. बिल्डिंग झाल्यापासून त्या तिथेच बसतात. सकाळी अकरापर्यंत त्या कोपऱ्यावर सावली असते आणि औषधांच्या दुकानात येणारा प्रत्येक शेतकरी त्यांच्यासमोरून जातो. जागा म्हणजे एकदम प्राइम लोकेशन.

‘‘आजी, वर काच तडकलीय. जरा पलीकडे बसा ना.’’

‘‘पलीकडं कोण घेतंय माझ्या जुड्या? शेठला म्हणा, काच नीट करा. मी हाय तिथं हाय.’’

मुद्दा बिनतोड होता. मी मनातल्या मनात हिशेब केला. काचेचं वजन काढणं सोपं असतं : एक चौरस मीटर काच, प्रत्येक मिलिमीटर जाडीला अडीच किलो. मामाची काच ६ मिलिमीटरची, म्हणजे एकेक काच साधारण २८ किलोची. नारायणगावच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ दीड क्रेट टोमॅटो, २५ फुटांवर, चिकटपट्टीच्या भरवशावर. आणि दिवस वळवाचे. दुपारनंतर आभाळ भरून यायचं, धूळ उडायची, पत्रे वाजायचे.

वारा काच आत ढकलतो असं आपल्याला वाटतं. पण तो इमारतीला वळसा घालून जातो तेव्हा काच बाहेरही ओढतो, आणि ही ओढ कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त असते. मामाची तडकलेली काच नेमकी कोपऱ्यातली. तिथून थोड्याच अंतरावर खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य डिश आहेत, शाळेच्या ट्रिपमध्ये पाहिल्या असतील तुम्ही. त्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. प्रो. गोविंद स्वरूप यांच्या टीमने त्या तशा केल्या, म्हणजे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. काचेची भिंत बिचारी सगळा वारा स्वतःच्या अंगावर घेते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावरून चढून जुन्नर-आंबेगावात आलं, तेव्हा पॉलिहाऊसचे कागद फाटले, घरांवरचे पत्रे उडाले. मामाच्या ३२ काचा तेव्हा टिकल्या. हे तो प्रत्येक वाक्यात सांगतो. पण तेव्हा त्या अखंड होत्या ना!

तर, मामाकडे तीन सल्ले होते.

पहिला हायवेवर गाड्यांच्या काचा जोडणाऱ्या एका पोराचा. ‘‘शेठ, दीड हजारात लिक्विड भरून देतो, तडा दिसणार पण नाही.’’ मामाला हा सल्ला जाम आवडला होता. दुसरा सल्ला फॅब्रिकेटरचा : तशीच साधी काच आणून बसवू, विषय संपला. तिसरा त्याच्याच एका नातेवाइकाचा : हे निळं प्रकरण आता आऊटडेटेड झालं, सगळं काढ आणि एसीपी शीट मार. अंदाजे खर्च अडीच लाख.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे आणि पुण्यात इमारतींच्या दर्शनी भागाचंच काम करते. तिला व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला आणि विचारलं, ‘दुरुस्त की बदल?’ मला वाटलं, एका शब्दात उत्तर येईल. आले उलट प्रश्नच. काच कसली? तडा कडेपासून निघालाय की मधून? आतून काचेला काय चिकटवलंय? खाली कोण असतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं निघालं. साधी काच आणि टफन काच (हो, आपल्याकडे सगळे ‘टफन’च म्हणतात) दिसायला सारख्याच. टफन काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झपकन थंड करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, आणि काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवर कायमचा दाब तयार होतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते. पण एकदा का त्या दाबाच्या थराला आरपार इजा झाली की सगळी काच एका क्षणात खडीसाखरेसारखी चुरा होते. टफन काच तडकून महिनाभर जागेवर राहूच शकत नाही. म्हणजे आमची साधी होती. तरी खात्री म्हणून मी पोलराइज्ड गॉगल लावून सगळ्या काचांकडे पाहिलं. टफन असेल तर आकाशाच्या उजेडात तिच्यावर ठिपके किंवा पट्टे दिसतात. दिसले नाहीत. कोपऱ्यात कंपनीचा शिक्काही नव्हता. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, पुण्याची पोरगी बिल्डिंगपुढे पोज देतेय.

बाकीच्या उत्तरांसाठी आम्ही वर क्लासमध्ये गेलो. आणि तिथे सगळा सीन बदलला.

तोवर मामाची थिअरी ठरलेली होती : पोरांनी बॉल मारला. दोन पोरांना तो आधीच रागावून झाला होता, आणि काचेचे पैसे सरांच्या डिपॉझिटमधून कापायचे हेही ठरवून बसला होता. सर भडकलेले. दहा वर्षांचा भाडेकरू, सोडून जायच्या गोष्टी करत होता. एका काचेपायी महिन्याचं भाडं जायची वेळ!

पण फोटोत मैत्रिणीने जे पाहिलं, ते आम्हाला वर गेल्यावर दिसलं. दगड किंवा बॉल लागला तर जिथे मार बसतो तिथून चहूबाजूंना रेघा फुटतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. इथे तसा बिंदूच नव्हता. तडा कडेपासून निघाला होता, कडेला अगदी काटकोनात, आणि पुढे जाऊन वळला होता. हा उन्हाचा तडा. काचेचा एक भाग तापतो, दुसरा गार राहतो. तापलेला भाग पसरू बघतो, गार कड त्याला पसरू देत नाही. साध्या काचेला ४० अंशांच्या आसपासचा फरक पुरतो, कड खराब कापलेली असेल तर त्याहून कमीही. रंगीत आणि रिफ्लेक्टिव्ह काच ऊन जास्त पिते, म्हणून तिला धोका जास्त.

आणि आतून त्या काचेच्या निम्म्या भागावर काय होतं? गेल्या वर्षीच्या टॉपर्सचे फोटो! ९६ टक्के, ९४.४० टक्के, सगळी पोरं हसतायत, मागे गडद लाल व्हिनाइलचा स्टिकर. स्टिकरमुळे ती अर्धी काच तव्यासारखी तापत होती. उरलेल्या अर्ध्या भागावर नवीन बसवलेल्या एसीचा झोत. एप्रिल-मे मधलं नारायणगावचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगायला नको, माहीत असेल तरीही नको.

मामा गप्प झाला. सर पण गप्प झाले. मग एकदम सर म्हणाले, ‘‘स्टिकर लावायला परवानगी तुम्हीच दिली होती शेठ.’’ मामा म्हणाला, ‘‘एसीची नव्हती दिली.’’ शेवटी मामी खालून चहा घेऊन आली आणि निम्मा-निम्मा खर्च ठरला. त्या दोन पोरांपैकी एकजण समोरच बसून गणितं सोडवत होता. मामाने त्याला चहाचा कप स्वतः नेऊन दिला. सॉरी वगैरे काही म्हणाला नाही, पण बिस्किटं दोन ठेवली.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते हेच. काच कशाने फुटली ते कळलं नसतं तर नवी काच बसवून, पोरांना आणि सरांना दोष देऊन, वर पुन्हा तोच स्टिकर चिकटला असता. आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तडा. हे फक्त नारायणगावात होत नाही बरं का. अमेरिकेत बोस्टन शहरात आय. एम. पेई यांच्या फर्मने बांधलेला जॉन हॅनकॉक टॉवर आहे, ६० मजली. १९७३ मध्ये त्याच्या काचा पटापट फुटायला लागल्या. फुटेल तिथे प्लायवूड लावत गेले, इतकं की लोक त्या टॉवरला ‘प्लायवूड पॅलेस’ म्हणून चिडवायचे. सगळ्यांचा संशय वाऱ्यावर. वाऱ्याने टॉवर हलत होता हे खरंच होतं, पण काचा फुटायचं मूळ वेगळं निघालं. दोन काचांचं जे डबल युनिट होतं, त्याच्या कडेचा शिशाचा जोड फार ताठ होता. ऊन-वाऱ्याने होणारी बारीक हालचाल तो पेलायचा नाही, थेट काचेला द्यायचा. शेवटी १०,३४४ च्या १०,३४४ काचा बदलल्या. फुटलेल्या तेवढ्याच नाही, सगळ्या! कारण दोष एका काचेत नव्हता, पद्धतीत होता.

म्हणजे ‘दुरुस्त की बदल’ याबरोबर ‘एक की सगळ्या’ हाही प्रश्न येतो. आणि तो कारणाशिवाय सुटत नाही.

याच्या बरोबर उलटी केस मंचरची. माझ्या मावसभावाचं तिथे कपड्यांचं छोटं शोरूम आहे. एका रात्री दोन वाजता त्याचा १२ मिलिमीटरचा टफन दरवाजा फटाका फुटावा तसा फुटला. सकाळी पायऱ्यांवर काचेच्या खड्यांचा ढीग. शेजारच्या दुकानदाराशी पार्किंगवरून महिनाभर वाजलं होतं, त्यामुळे दादाने सरळ पोलीस चौकीचा रस्ता धरला. वाटेत वहिनीचा फोन गेला, आधी सीसीटीव्ही बघा. पाहिलं तर रस्त्यावर एक कुत्रं, बाकी कोणी नाही. दरवाजा आपोआप फुटला होता.

टफन काच अशी विनाकारण फुटल्यासारखी फुटते. काच बनतानाच तिच्यात निकेल सल्फाइडचा अतिसूक्ष्म खडा अडकलेला असू शकतो. टफन झाल्यानंतर तो महिन्यांनी, वर्षांनी हळूहळू फुगतो आणि एक दिवस खेळ खलास. मोठ्या इमारतींच्या टफन काचा म्हणूनच बसवण्याआधी पुन्हा तापवून बघतात. ज्या फुटायच्या त्या कारखान्यातच फुटाव्यात, हा फंडा. दादाच्या दरवाजाचं कारण मात्र साधं होतं. खालच्या पॅच फिटिंगमधलं पॅकिंग झिजून गेलं होतं आणि काचेची कड थेट लोखंडाला घासत होती. टफन काचेची कड म्हणजे तिची नस. दरवाजा तीन महिने कुरकुरत होता, कोणी लक्ष दिलं नाही. दुरुस्तीची वेळ ती होती, शंभर-दोनशे रुपयांच्या पॅकिंगची. चुरा झाल्यावर दुरुस्त काय करणार? टफन काच भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, खोल ओरखडा घासून काढणंही धोक्याचं. नवा दरवाजा नव्या मापाने ऑर्डर करून येईपर्यंत दादाचं शोरूम पाच दिवस अर्ध्या शटरवर चाललं. शेजारच्याने त्याला दोन दिवस माल ठेवायला जागा दिली, हा भाग दादा हल्ली जरा हळू आवाजात सांगतो.

मग काचेचं दुरुस्त होतं तरी काय? मैत्रिणीच्या म्हणण्यानुसार, काचेपेक्षा काचेच्या आजूबाजूचं जास्त. वाळलेलं रबर, सुटलेलं सिलिकॉन, सैल बीडिंग, घासणारी बिजागरी. यातून पाणी आत येतं म्हणून लोक काच बदलतात, उगाच. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लवकर धरले तर निघतात. वरवरचे ओरखडे पॉलिश करता येतात, पण एकाच जागी फार घासलं तर तिथे भिंगासारखं वेडंवाकडं दिसायला लागतं. डबल काचेच्या युनिटमध्ये आतून वाफ धरली तर ते युनिट बदलावं लागतं, फ्रेम राहते.

आणि ते लिक्विड? ते खोटं नाही. पण गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. खडा उडून बाहेरच्या थरावर टवका गेला तर त्यात रेझिन भरून, अतिनील दिव्याने कडक करतात. मागे पडदा आहे, आतली काच शाबूत आहे, म्हणून ते चालतं. लांब तडा कडेपर्यंत गेला की गाडीचीही काच बदलायला सांगतात. आमची काच एकेरी, तडा या कडेपासून त्या कडेपर्यंत. लिक्विडने तडा दिसेनासा झाला असता, आजींच्या डोक्यावरचे २८ किलो तिथेच राहिले असते. मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘म्हणजे मेकअप!’’ करेक्ट, मामा.

आमच्या जुन्नरच्या वाड्यात खिडक्यांना वितभर काचा होत्या. फुटली की आजोबा हिरकणीने नवी काच कापून आणायचे, चार चुका ठोकायचे, लांबी लावायचे, अर्ध्या तासात काम फत्ते. काच आणि पुणे जिल्ह्याचं नातं तसं जुनं आहे. टिळकांचा पाठिंबा असलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना काढला होता, लोकांच्या एकेका पैशातून. आजोबांच्या वेळी काच जपून वापरायची वस्तू होती, म्हणून लहान होती. लहान होती म्हणून फुटली तरी धाक नव्हता. आता ती भिंतीएवढी झालीय आणि कापायला मात्र अजून तोच माणूस, तीच हिरकणी. मामाच्या काचांच्या कडा २०११ मध्ये घासून गुळगुळीत केल्याच नव्हत्या, तशाच कापून फ्रेममध्ये घातल्या होत्या. उन्हाचा तडा अशाच खरखरीत कडेच्या शोधात असतो.

रविवारी दुपारी मामाच्या ओटीवर मीटिंग भरली. फॅब्रिकेटरला पण बोलावलं. (माणूस चांगला आहे. त्याला काच कळते, फक्त त्याला कोणी काही विचारत नाही, सगळे फक्त रेट विचारतात.) पर्याय तीन होते. एक, तशीच साधी काच : सगळ्यात स्वस्त, पण रस्त्याच्या वर टांगलेली साधी काच फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे पडतात. दोन, त्याच मापाची टफन : उन्हाने तडकायची नाही, पण फुटलीच तर सगळा चुरा एकदम खाली, आणि त्यातही ढेकळं एकत्र चिकटून येतात. तीन, लॅमिनेटेड : फुटली तरी पडद्याला चिकटून फ्रेममध्येच लोंबकळत राहते. सेफ्टी ग्लास म्हणजे टफन किंवा लॅमिनेटेड. २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये काचेवर स्वतंत्र भाग आहे. कोणती काच कुठे लावायची याचा विचार कोणीतरी आपल्यासाठी आधीच करून ठेवलाय, एवढंच. फॅब्रिकेटरने तो वाचला नव्हता, मामाने तर नाहीच, आणि मीही आदल्या रात्रीच उघडला होता.

लॅमिनेटेडला अडचण एकच. ती चार अधिक चार मिलिमीटर आणि मधला पडदा, म्हणजे पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास. मामाच्या सेक्शनची खाच सहाच्या हिशेबाची. ‘‘बीडिंग आणि रबर बदलून बसवतो,’’ फॅब्रिकेटर म्हणाला, ‘‘पण तेवढ्या एका फ्रेमचे स्क्रू मला आधी तपासू द्या. वजन वाढणार.’’ हे ऐकल्यावर माझा त्याच्यावरचा विश्वास दुप्पट झाला. एकूण खर्च परांचीसकट साडेअकरा हजार.

‘‘आणि रंग?’’ मामाचा खरा प्रश्न हा होता. तेरा वर्षांपूर्वीची ती निळी छटा आता मिळत नाही. नवी काच जरा गडद दिसणार. ३२ मध्ये एक वेगळी. शर्टाला दुसऱ्या रंगाचं बटण लावल्यासारखी.

इथे एसीपीवाल्या नातेवाइकाने पुन्हा डोकं वर काढलं. मामा मोहात पडला, हे स्पष्ट दिसत होतं. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटने नारायणगावच्या मार्केटात दोन हजारांचा आकडा ओलांडला होता, तेव्हाचे थोडे पैसे अजून बाजूला होते. तेवढ्यात मामी म्हणाली, ‘‘बायपास झाल्यापासून नाशिकच्या गाड्या बाहेरून जातात. आता तुमची बिल्डिंग बघतंय कोण? अडीच लाखात ड्रिप नवीन होईल सगळ्या रानाचं.’’ ओटीवर शांतता. मामाला लागलं ते. पण मामीचं गणित चूक नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं : तडकलेली काच उद्याच्या उद्या काढायची, नवी येईपर्यंत तिथे प्लायवूड. लॅमिनेटेड बसवायची. सगळे स्टिकर आतल्या काचांवरून निघणार, टॉपर्स भिंतीवर जाणार. एसीचा झोत वळणार. बाकी ३१ काचांची रबरं आणि कडा परांची लागलीच आहे तर बघून घ्यायच्या. विम्याचाही विषय निघाला. मामाची पॉलिसी फक्त आग आणि वादळाची, कर्ज काढताना पतसंस्थेने करायला लावलेली. दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत ‘प्लेट ग्लास’ नावाचं वेगळं कलम घेता येतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कोणाच्या बाबांचं दुकान असेल तर पॉलिसी काढून बघा एकदा.

सोमवारी सकाळी परांची लागली. आजींना तेवढ्यापुरतं औषधांच्या दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. भर उन्हात. दुपारपर्यंत त्यांच्या निम्म्या जुड्या कोमेजल्या. मामाने उरलेल्या सगळ्या विकत घेतल्या आणि आम्ही रात्री मेथी, दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीचे पराठे, आणि मी पुण्याला येताना डब्यात मेथी. काच खाली उतरवताना तिचे दोन तुकडे झाले. फॅब्रिकेटरने चिकटपट्टी धरूनच ठेवली होती, म्हणून हातातच राहिले. मोठा तुकडा भाल्याच्या पात्यासारखा होता. आजींनी तो लांबून पाहिला आणि काही बोलल्या नाहीत, फक्त पदर डोक्यावर घेतला.

त्याच आठवड्यात वळीव आला. चांगला तासभर झोडपला. प्लायवूड हललं नाही. क्लासच्या पोरांनी त्यावर तोपर्यंत खडूने ‘बेस्ट ऑफ लक’ लिहिलं होतं, ते तेवढं धुवून गेलं.

नऊ दिवसांनी नवी काच बसली. गडद दिसते. मामा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून दहा मिनिटं बघत होता, असं मामीने फोनवर सांगितलं. मग म्हणे टपरीवाल्याला म्हणाला, ‘‘ती वेगळी आहे ना, ती लॅमिनेटेड आहे. फुटली तरी पडत नाही.’’ आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ती काच दाखवतो!

आणखी तीन काचांच्या कडेला बारीक टवके सापडलेत. तिन्ही कोपऱ्यातल्या. या दिवाळीनंतर, पुढच्या उन्हाळ्याच्या आत, त्या पण बदलायचं ठरलं. मामाने खाली जाऊन आजींना तसं सांगितलं. आजींनी जुडीचा सुतळीचा फास आवळत विचारलं, ‘‘कोणत्या दिवशी काढणार ते आधी सांगा शेठ. त्या दिवशी मी ओतूरच्या बाजाराला जाईन.’’